हाताला मानवेल अशी बास गिटार

स्नेहसंमेलनात किंवा एखाद्या लग्नात वाद्यवृंद वाजत असला, की आपले लक्ष गाणाऱ्याकडे असते. नाहीतर ढोलकी, तबला, की-बोर्ड यांच्याकडे असते. पण या सर्वांच्या खाली एक जाड, घुमणारा आवाज चाललेला असतो. तो कानांपेक्षा छातीतच जास्त जाणवतो. तो मध्येच थांबला, तर काय गेले हे ऐकणाऱ्याला चटकन सांगता येत नाही. पण गाणे एकदम पोकळ वाटू लागते. हा आवाज बहुधा बास गिटारचा असतो. राहुल देव बर्मन यांच्या चित्रपटगीतांत टोनी वाझ हे वादक बास गिटार वाजवीत. ती गाणी तुम्ही अनेकदा ऐकली असतील, वाझ यांचे नाव मात्र कदाचित ऐकले नसेल. खर्जाचा सूर सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा असेच येते.

बास गिटारला साधारणपणे चार तारा असतात. दिसायला ती विजेवर चालणाऱ्या गिटारसारखीच. फक्त दांडी लांब आणि तारा जाड. आठवी-नववीतल्या मुलाने किंवा मुलीने ती हौसेने मांडीवर घेतली, की पहिली अडचण इथेच येते. डावा हात पार लांब करावा लागतो, तरी दांडीच्या टोकाकडचे पडदे नीट सापडत नाहीत. बोटे ताणून ताणून मनगट दुखू लागते. शेजारचा कोणीतरी म्हणतो, "तुझा हात लहान आहे. हा साज तुझ्यासाठी नाही." मूल साज खाली ठेवते आणि पुष्कळदा तो पुन्हा हातात घेत नाही.

या बोलण्यात तथ्य फारच थोडे आहे. सदरा अंगाला मोठा झाला, तर दोष अंगाचा नसतो. शिंप्याने माप नीट घेतलेले नसते. व्हायोलिन तर अर्ध्या आणि पाऊण मापाचेही मिळते आणि लहान मुले त्यावरच शिकतात. आपल्या मिरजेचे कारागीर मोठा तंबोरा बनवतात, तसा लहान जनानी तंबोराही बनवतात. बास गिटारचेही असेच आहे. लहान मापाच्या बास गिटारी गेली सत्तरहून अधिक वर्षे कारखान्यांत तयार होत आहेत.

माप म्हणजे काय, ते आधी पाहू. बास गिटारचे माप म्हणजे तिची एकूण लांबी नव्हे. तारेचा जो भाग कंप पावतो, त्याची ती लांबी. दांडीच्या वरच्या टोकाला खाचा पाडलेली एक छोटी पट्टी असते. तिला नट म्हणतात. दुसऱ्या बाजूला, गिटारच्या पोटावर, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, म्हणजेच ब्रिज. नटापासून घोडीपर्यंतच्या अंतराला वादक 'स्केल' म्हणतात. हे अंतर ३४ इंच असेल, तर ती लाँग स्केल, म्हणजे लांब मापाची बास. ३२ इंच असेल तर मधल्या मापाची. ३० इंचांच्या आसपास असेल तर शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड मापाची. आयबानेझ कंपनीच्या मिक्रो नावाच्या बासचे माप तर २८.६ इंचच आहे.

पण मुळात तार इतकी लांब लागतेच कशाला? याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तारेची लांबी दुप्पट केली, की तिची दर सेकंदाची कंपने निम्मी होतात आणि सूर एका सप्तकाने खाली उतरतो. ताण वाढवला तर सूर चढतो. तार जाड केली तर उतरतो. फ्रान्समधील मारँ मेर्सेन या विद्वानाने हे नियम १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले आहेत. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने दर सेकंदाला सुमारे ८२ असतात. बास गिटारच्या जाड तारेची कंपने त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४१. साध्या विजेच्या गिटारची तार पुष्कळदा साडेपंचवीस इंच असते. तीच तार, तेवढाच ताण ठेवून एक सप्तक खाली आणायची, तर लांबी ५१ इंच करावी लागेल. म्हणजे सव्वाचार फूट! एवढी लांब दांडी माणूस गळ्यात अडकवणार कशी? म्हणून लांबी थोडी वाढवायची आणि बाकीचे काम जाड तारेकडून करून घ्यायचे, अशी तडजोड सर्व कारागिरांना करावी लागते. कोणी लांबीकडे जास्त झुकतो, कोणी जाडीकडे.

पूर्वी खर्जाचे काम उभ्या डबल बासकडे होते. माणसाहून उंच असे हे वाद्य जमिनीवर टेकवून, उभे राहून वाजवतात. त्याची तार सुमारे साडेतीन फूट असते. ते एका गावाहून दुसऱ्या गावी नेणे म्हणजे घरातले कपाट हलवण्यासारखेच. १९३०-४० च्या दशकात अमेरिकेतील सिॲटल शहरात पॉल टुटमार्क यांनी आडवी धरून वाजवण्याची विजेची बास तयार केली होती. तिची तार सुमारे ३० इंचांची होती. पण तिला गिऱ्हाईक फारसे मिळाले नाही आणि लोक ती विसरूनही गेले. पुढे १९५१ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली. फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. डबल बासच्या दांडीवर पडदे नसतात. सूर अंदाजाने शोधावा लागतो. फेंडर यांनी पडदे बसवले, त्यामुळे सूर नेमका लागू लागला. 'प्रिसिजन' या शब्दाचा अर्थच नेमकेपणा. या बाससाठी त्यांनी ३४ इंच हे माप धरले. ते इतके रूढ झाले की आज बास म्हटले की हेच माप, असे पुष्कळांना वाटते.

फेंडर यांच्या मागोमाग, १९५३ साली, गिब्सन कंपनीने आपली बास काढली. तिची तार साडेतीस इंचांची होती. म्हणजे आखूड माप ही काही नंतर काढलेली पळवाट नाही. दोन्ही मापे जवळजवळ एकाच वेळी बाजारात आली. जर्मनीत वाल्टर ह्योफनर यांनी व्हायोलिनच्या आकाराची, आतून पोकळ असलेली बास तयार केली आणि १९५६ साली ती फ्रँकफुर्टच्या वाद्यमेळ्यात मांडली. तिचे माप ३० इंच. वजन अडीच किलोंच्या आसपास. फेंडरची बास भरीव लाकडाची, त्यामुळे ती चार किलोंच्या घरात जाते. खांद्याला हा फरक कळतो!

या जर्मन बासची एक हकिकत सांगण्यासारखी आहे. १९६१ साली बीटल्स या इंग्लंडमधील वाद्यवृंदाचा एक तरुण जर्मनीतील हँबुर्ग शहरात होता. त्याचे नाव पॉल मॅकार्टनी. तो डावखुरा. खिशात पैसे बेताचेच. त्याने सुमारे ३० पौंडांना ह्योफनरची बास घेतली. दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे ती डाव्या हाताने धरली, तरी उलटी धरल्यासारखी दिसत नसे. याच बासवर बीटल्सची सुरुवातीची गाणी वाजली आणि पुढे जगभर गाजली. १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून ती चोरीला गेली. नंतर कित्येक वर्षे तिचा पत्ता नव्हता. काही चाहत्यांनी तिचा शोध घेण्याची मोहीम काढली, तेव्हा ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या एका घराच्या माळ्यावर पडलेली सापडली. ती मालकाला परत मिळाल्याची बातमी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. पन्नास वर्षांत साज हरवला, पण आखूड मापाची आवड हरवली नाही. मॅकार्टनी यांनी त्याच जातीची दुसरी बास १९६३ सालीच घेतली होती.

आता हिशोब करू. पडद्यांमधील अंतर सर्वत्र सारखे नसते. नटाजवळ ते मोठे असते आणि घोडीकडे जावे तसे लहान होत जाते. ३४ इंचांच्या बासवर नटापासून पहिला पडदा सुमारे ४.८ सेंटिमीटर अंतरावर असतो. ३० इंचांच्या बासवर तो सुमारे ४.३ सेंटिमीटरवर येतो. अर्ध्या सेंटिमीटरचे काय एवढे, असे तुम्ही म्हणाल. पण चार बोटे चार पडद्यांवर ठेवायची म्हटली, की हा फरक साठत जातो. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत लांब बासवर जवळजवळ १३ सेंटिमीटर ताणावे लागते. आखूड बासवर साडेअकरा. पट्टी घ्या, कागदावर १३ सेंटिमीटरची रेघ काढा आणि तिच्या दोन टोकांवर तर्जनी व करंगळी ठेवून पाहा. मग तसाच हात ठेवून इतर दोन बोटे सहज हलवता येतात का, तेही पाहा. नंतर रेघ दीड सेंटिमीटरने कमी करा. मनगट जे सांगेल, ते कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे असेल.

मात्र लांबी घटली की बदल केवळ बोटांपुरता राहत नाही. तीच तार, तोच सूर आणि लांबी ३४ ऐवजी ३० इंच असेल, तर ताण शंभरातले बावीस भाग कमी होतो. एका तारेवर १८ किलोंचा ताण असेल, तर तो १४ किलोंवर येतो. तार सैल आणि मऊ लागते. कोवळ्या बोटांना हे बरेच. पण सैल तार जोरात छेडली, तर ती पडद्यांवर आपटून करकर वाजते. बोट गरजेपेक्षा जास्त दाबले, तर सूर किंचित चढतो. आखूड बास हलक्या हाताची अपेक्षा करते. म्हणूनच तिच्यासाठीच्या तारा पुष्कळदा थोड्या जाड असतात.

आवाजही बदलतो. लांब बासचा आवाज स्पष्ट, ठाशीव; जाड तारेवरचा एकेक सूर वेगळा ऐकू येतो. आखूड बासचा आवाज गोल, भरलेला, थोडा गुबगुबीत. यांतला चांगला कोणता, हा प्रश्नच चुकीचा आहे. घागरीचा आवाज चांगला की तांब्याचा? ज्याला जो हवा, तो त्याने घ्यावा.

आखूड बास म्हणजे मुलांचे खेळणे, असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांना काही नावे सांगावीत. रोलिंग स्टोन्सचे बिल वायमन यांचे हात लहान होते. त्यांनी आखूड बास पसंत केल्या. टॉकिंग हेड्स या वाद्यवृंदातील टीना वेमाउथ फेंडरची 'मस्टँग' ही ३० इंचांची बास वाजवीत असत. ती १९६६ साली बाजारात आली होती. क्रीम या त्रिकुटातील जॅक ब्रूस यांना उभा डबल बास उत्तम येत होता, तरी त्यांनी गिब्सनची आखूड बास घेतली, कारण तिच्या मऊ तारा बाजूला ओढून सूर वळवता येत असे. आणि स्टॅन्ली क्लार्क? ते चांगले उंचापुरे, लांब बोटांचे. त्यांना कोणतीही बास लहानच वाटावी. पण त्यांनी नाव कमावले ते अलेम्बिक कंपनीच्या पावणेएकतीस इंचांच्या बासवर. हात मोठा म्हणून साज मोठाच हवा, असेही नाही.

आता दुकानात जाऊ. बरोबर मोजपट्टी न्या. विक्रेत्याला पुष्कळदा स्केल ठाऊक नसते आणि नटापासून घोडीपर्यंत मोजावे, तर घोडी मागेपुढे सरकवता येत असल्यामुळे माप थोडे चुकते. सोपा उपाय आहे. नटापासून बाराव्या पडद्यापर्यंत मोजा आणि त्याची दुप्पट करा. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. अंतर १५ इंच आले, तर बास ३० इंचांची. १७ इंच आले, तर ३४ ची.

दुकानात आखूड बास नसेल तरी निराश होऊ नका. लांब बासच्या दुसऱ्या पडद्यापासून पुढे मोजले, तर उरलेली तार ३०.३ इंचांची भरते. म्हणजे पहिले दोन पडदे नाहीतच असे समजून तिसऱ्या पडद्यापासून चार बोटे ठेवून पाहा. आखूड बास हाताला कशी लागेल, याचा अंदाज तिथल्या तिथे येईल. पहिला पडदा सोडून दुसऱ्यापासून वाजवले, तर ३२ इंचांच्या बासचा अंदाज येतो. हे गणित दुकानदाराला सांगा; तोही खूश होईल.

स्केल आखूड म्हणजे दांडी बारीक, असे मात्र समजू नये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही बासची दांडी नटाजवळ ३८ मिलिमीटर रुंद असते, काहींची ४२ किंवा त्याहूनही अधिक. लहान तळव्याला हे चार-पाच मिलिमीटर फार मोठे असतात. दांडी मुठीत धरून, जाड तारेवर बोट टेकते का ते पाहा. तळवा दांडीला घट्ट चिकटवावा लागत असेल, तर ती दांडी तुमच्यासाठी जाड आहे, मग स्केल काहीही असो.

त्यानंतर पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडून द्या. काही बासची दांडी लगेच जमिनीकडे झुकते, कारण डोक्याकडचे वजन पोटापेक्षा जास्त असते. आखूड बासमध्ये पोट लहान असल्यामुळे हा दोष बऱ्याचदा आढळतो. अशी बास वाजवताना डाव्या हाताला दोन कामे करावी लागतात: सूरही लावायचे आणि दांडीही उचलून धरायची. मग आखूड मापाचा फायदा काय राहिला? रुंद, खरखरीत पट्ट्याने झुकणे थोडे कमी होते, पण पुरते जात नाही. माझ्या मते अशी बास स्वस्त मिळाली, तरी सोडून द्यावी.

तारा पडद्यांपासून किती उंच आहेत, हेही महत्त्वाचे. बाराव्या पडद्यावर दोन-अडीच मिलिमीटरचे अंतर पुष्कळ झाले. तार फार उंच असेल, तर ती दाबायला जोर लागतो आणि आखूड बासही लांब बासइतकीच दमवते. नव्या बासच्या तारा बहुधा उंचच ठेवलेल्या असतात. जाणकाराकडून त्या बसवून घ्याव्यात. दांडीच्या आतली लोखंडी सळई स्वतः पिळू नये; ते कसबी हाताचे काम आहे. आपल्याकडे, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पावसाळ्यात लाकूड दमट हवा शोषून घेते. तेव्हा तारांची उंची थोडी बदलते. जुलैत करकर सुरू झाली, तर साज बिघडला असे समजून घाबरू नका.

तारा बदलताना आखूड मापाच्याच मागा. लांब बासच्या तारा कापून लावल्या, तर तारेचा जाड भाग खुंटीभोवती गुंडाळला जातो. तिथे तो नीट वळत नाही, कधी तुटतो, आणि सूर टिकत नाही. डावखुऱ्या मुलांनी खरेदीला जाण्यापूर्वीच चौकशी करावी. त्यांच्यासाठीच्या आखूड बास फारच थोड्या दुकानांत असतात.

साज कितीही योग्य निवडला, तरी धरण्याची रीत चुकली तर हात दुखणारच. मनगट जेवढे सरळ राहील तेवढे चांगले. अंगठा दांडीच्या मागे हलकेच टेकलेला असावा. त्याने दांडी आवळू नये. डबल बास वाजवणारे खालच्या पडद्यांवर चार बोटे ताणत नाहीत. तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांवरच ते काम भागवतात व हात सरकवतात. बास गिटारवरही हे चालते. मग लांब बासवरसुद्धा पहिल्या पडद्यापासून तिसऱ्यापर्यंत, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटरच, ताणावे लागते. बोटांच्या टोकांवर घट्टे पडणे साहजिक आहे. पण मनगटात कळ येणे, बोटांना मुंग्या येणे हे साहजिक नाही. तसे झाले तर त्याच क्षणी साज खाली ठेवावा. सोसून वाजवणे हा रियाज नव्हे. दुखणे दोन-चार दिवसांत गेले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी, ज्यांच्या घरी मोठ्या भावाची किंवा मामूंची लांब बास आधीच आहे आणि नवी घेण्यासाठी पैसे नाहीत, त्यांच्यासाठी एक युक्ती. सर्व तारा एका पूर्ण सुराने उतरवा. मग कॅपो नावाचा मजबूत चिमटा दुसऱ्या पडद्यावर लावा. आता तारा पुन्हा पहिल्याच सुरांत वाजतील. पण बास ३०.३ इंचांची झालेली असेल आणि तारांवरचा ताणही उतरलेला असेल. काही महिन्यांनी हात सरावला, की चिमटा पहिल्या पडद्यावर आणा आणि तारा अर्ध्या सुराने चढवा. त्यानंतर चिमटा काढून टाकायचा की तिथेच ठेवायचा, ते तुमचा हातच ठरवील.